थिओडोर रूझवेल्ट आणि जंगलाचा कारभार

थिओडोर रूझवेल्ट मार्च 1909 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदावरून पायउतार झाले, तोवर त्यांच्या साडेसात वर्षांच्या कारकिर्दीत सुमारे 23 कोटी एकर जमिनीला या ना त्या स्वरूपात सरकारी संरक्षण मिळाले होते. आजचा महाराष्ट्र तीनदा मावेल एवढे हे क्षेत्र. 150 राष्ट्रीय जंगले, 51 पक्षी-अभयारण्ये, 5 राष्ट्रीय उद्याने, 18 राष्ट्रीय स्मारके अशी त्याची मोजदाद केली जाते. या कामगिरीचा खुलासा बहुधा रूझवेल्ट यांच्या स्वभावात शोधला जातो. न्यूयॉर्कच्या सधन घरातला, दम्याने बेजार झालेला एक मुलगा पक्षी-प्राण्यांत पेंढा भरून ठेवतो आणि घरातच संग्रहालय मांडतो. 14 फेब्रुवारी 1884 रोजी आई आणि पत्नी एकाच घरात, एकाच दिवशी गेल्यावर तो डाकोटाच्या ओसाड माळावर गुरे पाळत राहतो. तिथे त्याला रानाची ओढ लागते आणि पुढे सत्ता हाती आल्यावर तो जंगले वाचवतो. यातले काही खोटे नाही, पण एवढ्याने उलगडाही होत नाही. त्या काळच्या अमेरिकेत रूझवेल्ट यांच्यापेक्षा कितीतरी उत्कट निसर्गप्रेमी होते. जॉन म्यूर यांचे तर उभे आयुष्य सिएरा नेवाडाच्या डोंगरांना वाहिलेले होते. तरीही जंगले तुटत होती, कारण ती राखण्यासाठी जी माणसे, जे नियम आणि जे अधिकार लागतात त्यांचा पत्ता नव्हता. माझे म्हणणे असे की रूझवेल्ट मुळात प्रशासन-सुधारक होते आणि जंगल हे त्यांच्या सुधारणेचे सर्वांत मोठे क्षेत्र ठरले. त्यांचे काम टिकले ते यामुळे, आणि त्या कामातून जे अन्याय झाले त्यांचेही मूळ इथेच सापडते.

नुसत्या घोषणेने काय होते, याचा अनुभव अमेरिकेने आधीच घेतला होता. यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान 1872 मध्ये जाहीर झाले. पण काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या कायदेमंडळाने, त्यासाठी पुरेसा पैसा दिला नाही आणि शिकार करणाऱ्याला शिक्षा देणारा कायदाही केला नाही. अखेर 1886 मध्ये तिथे लष्कर आणावे लागले. 1894 मध्ये एक चोरटा शिकारी मारलेल्या बायसनची कातडी सोलताना पकडला गेला, तर त्याला उद्यानाबाहेर हाकलण्यापलीकडे काही करता येईना. जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांच्या नियतकालिकाने हा प्रकार गाजवला, तेव्हा कुठे काँग्रेसने शिक्षेचा कायदा केला. राखीव जंगलांची कथा याहून वेगळी नव्हती. 1891 च्या कायद्याने अध्यक्षांना सरकारी जमिनीतून जंगल राखून ठेवण्याचा अधिकार दिला. बेंजामिन हॅरिसन यांनी तो वापरला आणि ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी 1897 मध्ये जाता जाता 2 कोटी एकरांहून अधिक जंगल राखीव केले. रूझवेल्ट सत्तेवर आले तेव्हा सुमारे 4.5 कोटी एकर जंगल कागदोपत्री राखीव होतेच. त्यामुळे या कामाची सुरुवात त्यांनी केली असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. पण ही राखीव जंगले गृहखात्याच्या जमीन कचेरीकडे होती आणि जंगलाचे शास्त्र शिकलेले मोजके लोक कृषिखात्यात बसत होते. जंगले एका खात्यात आणि जंगल जाणणारे दुसऱ्या खात्यात, अशी ती व्यवस्था होती. जमीन कचेरीतल्या नेमणुका वशिल्यावर होत. 1878 च्या एका कायद्यानुसार कोणाही नागरिकाला, जमीन स्वतःसाठीच हवी आहे अशी शपथ घेऊन, 160 एकर लाकडाची जमीन एकरी अडीच डॉलरने विकत घेता येई. लाकूड कंपन्या मजुरांना आणि खलाशांना पैसे देऊन खोट्या शपथा घ्यायला लावत आणि जमीन लगोलग आपल्या नावावर करून घेत. पश्चिमेकडची जंगले या वाटेने गेली.

रूझवेल्ट यांची आधीची कारकीर्द इथे डोळ्यांसमोर ठेवली पाहिजे. निवडून आलेल्या पक्षाने सरकारी नोकऱ्या आपल्या माणसांना वाटायच्या, ही अमेरिकेची जुनी रीत होती. 1883 च्या कायद्याने तिला पहिला आळा बसला आणि परीक्षा घेऊन नेमणुका करण्यासाठी आयोग नेमला गेला. रूझवेल्ट 1889 ते 1895 या काळात त्या आयोगाचे सदस्य होते आणि आपल्याच रिपब्लिकन पक्षाच्या टपालमंत्र्याशी त्यांनी जाहीर भांडण मांडले होते. पुढे न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे प्रमुख असताना पहारेकरी जागेवर आहेत की नाहीत हे पाहायला ते रात्री रस्त्यांवर हिंडत. नियम कागदावर असणे आणि त्यामागे प्रामाणिक, शिकलेला, पगारी माणूस उभा असणे यांतला फरक ओळखण्यात त्यांची ऐन उमेदीची वर्षे गेली होती. सप्टेंबर 1901 मध्ये बफेलो शहरात अध्यक्ष विल्यम मॅकिन्ले यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वयाच्या 42 व्या वर्षी उपाध्यक्ष रूझवेल्ट अध्यक्ष झाले. पश्चिमेतल्या जमीन-घोटाळ्यांची चौकशी त्यांच्या सरकारने वरपर्यंत नेली. 1905 मध्ये ऑरेगनचे विद्यमान सेनेटर जॉन मिचेल यांना या प्रकरणात न्यायालयाने दोषी ठरवले. सत्ताधारी पक्षाच्या सेनेटरवर खटला चालवणे किती जोखमीचे असते, हे वेगळे सांगायला नको. त्याच वर्षी, 1 फेब्रुवारीला, राखीव जंगले जमीन कचेरीकडून काढून कृषिखात्याकडे सोपवणाऱ्या कायद्यावर रूझवेल्ट यांची सही झाली. जुलैपासून तिथे स्वतंत्र वनसेवा सुरू झाली आणि गिफर्ड पिंशो तिचे प्रमुख झाले. रूझवेल्ट यांनी राखलेल्या ग्रँड कॅन्यन आणि पक्ष्यांच्या बेटांच्या तुलनेत या कायद्याची आठवण कोणी काढत नाही. माझ्या मते रूझवेल्ट यांच्या साऱ्या कारकिर्दीतला तो सर्वांत महत्त्वाचा वनविषयक निर्णय आहे.

या सेवेत शिरायचे तर परीक्षा द्यावी लागे, आणि ती परीक्षा केवळ लेखी नव्हती. उमेदवाराला घोड्यावर खोगीर घालून सामान लादता आले पाहिजे, होकायंत्राच्या आधाराने रेषा आखता आली पाहिजे, उभ्या झाडातून किती लाकूड निघेल याचा अंदाज बांधता आला पाहिजे. नियमांचे एक छोटे पुस्तक प्रत्येक रेंजरच्या खिशात असे. लाकूड विकायचे, पण झाड कोणते तोडायचे ते वनसेवेने ठरवायचे, आणि गुरे चारायची तर परवाना घेऊन चराई फी भरायची, अशी घडी बसली. पिंशो यांना दिलेल्या अधिकृत पत्रात कसोटी अशी घालून दिली होती की हितसंबंधांचा झगडा झाला तर दीर्घ काळात जास्तीत जास्त लोकांचे ज्यात भले आहे, त्या बाजूने निकाल करावा. ही सारी पद्धत अमेरिकेत जन्मलेली नव्हती, आणि तिचा एक धागा थेट हिंदुस्थानात येतो. तरुण पिंशो 1889 मध्ये युरोपात वनशास्त्र शिकायला गेले तेव्हा त्यांना मार्ग दाखवला तो डिट्रिख ब्रँडिस या जर्मन वनशास्त्रज्ञाने. ब्रँडिस यांनी ब्रह्मदेशातल्या सागवानाची व्यवस्था लावली होती आणि 1864 पासून 1883 पर्यंत ते ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक होते. विस्तीर्ण सरकारी जंगल प्रशिक्षित खात्याच्या हाती देऊन कसे चालवायचे, याचा मोठा नमुना पिंशो यांच्यापुढे होता तो आपल्याकडचा. त्या नमुन्याची दुसरी बाजू मात्र महाराष्ट्रात तेव्हाच लिहिली गेली होती. जोतीराव फुले यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात वनखात्यावर थेट आरोप आहे की त्याने डोंगर, दऱ्या आणि गावोगावची गायराने जंगलात घातली आणि गरीब शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांना चरायला जागा ठेवली नाही. खुद्द ब्रँडिस यांचा कल गावांकडे काही जंगल ठेवण्याकडे होता, पण 1878 चा वनकायदा झाला तो सरकारी मालकीवर भर देणारा. शास्त्र एकच, खात्याची रचनाही जवळपास एकच. अमेरिकेत आणि मुंबई इलाख्यात फरक पडला तो एवढाच, की तिथल्या गोऱ्या गुराख्याला मत होते, सेनेटर होता आणि न्यायालय होते. फुल्यांच्या शेतकऱ्याकडे अर्ज करण्याखेरीज काही नव्हते. या फरकाकडे मला पुन्हा यायचे आहे.

माणूस उभा केल्याशिवाय संरक्षण पोकळ राहते, हे पक्ष्यांच्या बाबतीत अधिक उघडपणे दिसले. बायकांच्या टोप्यांवर पिसे लावण्याची चाल तेव्हा जोरात होती आणि फ्लोरिडातल्या बगळ्यांची वीण या व्यापारापायी उजाड होत चालली होती. 14 मार्च 1903 रोजी रूझवेल्ट यांनी पेलिकन आयलंड हे जेमतेम काही एकरांचे बेट पक्ष्यांसाठी राखून ठेवले. आज अमेरिकेत वन्यजीव अभयारण्यांचे जे प्रचंड जाळे आहे, त्याची सुरुवात ही. काँग्रेसने त्यासाठी पैसा मंजूर केलेला नव्हता. तेव्हा पॉल क्रोगेल या स्थानिक नावाड्याला रखवालदार नेमण्यात आले आणि महिन्याचा 1 डॉलर पगार पक्षिप्रेमी संस्थेने दिला. दक्षिण फ्लोरिडात अशाच संस्थेचा रखवालदार गाय ब्रॅडली यांना जुलै 1905 मध्ये पिसांसाठी पक्षी मारणाऱ्याने गोळी घातली. संरक्षणाची किंमत तिथे पैशांत मोजली जात नव्हती. रूझवेल्ट यांच्या नावावर जमा असलेल्या अनेक पक्षी-अभयारण्यांच्या मागे असा कोणी एकटा माणूस, एक होडी आणि एक बंदूक होती, आणि ही माणसे रूझवेल्ट यांच्या जीवनकथांतून जवळपास गायब आहेत याचे मला वाईट वाटते.

रूझवेल्ट यांच्या या कामावर घेतला जाणारा पहिला आक्षेप असा की हा सारा अध्यक्षांच्या मनमानीचा प्रकार होता. त्याला आधार आहे. 1906 च्या पुरातन अवशेष कायद्यात अध्यक्षांना ऐतिहासिक किंवा वैज्ञानिक महत्त्वाच्या वस्तूंभोवती लागेल तेवढीच, कमीत कमी जमीन राखायची होती. रूझवेल्ट यांनी जानेवारी 1908 मध्ये त्याच कायद्याखाली ग्रँड कॅन्यनची 8 लाखांहून अधिक एकर जमीन राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केली. त्याआधी, 1907 च्या फेब्रुवारीत, ऑरेगनचे सेनेटर चार्ल्स फुल्टन यांनी कृषिखात्याच्या खर्चाच्या विधेयकाला एक कलम जोडले होते. वायव्येच्या सहा राज्यांत यापुढे काँग्रेसच्या संमतीशिवाय नवे राखीव जंगल करता येणार नाही, असे ते कलम. खर्चाचे विधेयक नाकारणे शक्य नव्हते. सही करायला जे थोडे दिवस हाती होते, त्यांत पिंशो यांच्या माणसांनी रात्रंदिवस नकाशे तयार केले आणि रूझवेल्ट यांनी त्या सहा राज्यांत 1.6 कोटी एकर जंगल राखीव करून मगच विधेयकावर सही केली. ही कृती कायद्यात बसणारी होती, पण कायदेमंडळाचा हेतू धाब्यावर बसवणारीही होती, आणि लोकशाहीत अशा चतुराईचे कौतुक जपून करावे. तरीही मनमानी हा शब्द मला इथे लागू वाटत नाही. मनमानी कारभाराला न्यायालयाचे दार बंद असते. इथे ते उघडे होते आणि विरोधकांनी ते ठोठावले. कोलोरॅडोच्या फ्रेड लाइट यांनी परवान्याशिवाय राखीव जंगलात गुरे चारू दिली आणि त्यांचा खटला लढायला राज्याच्या विधिमंडळाने पैसे दिले. कॅलिफोर्नियात मेंढ्या चारणाऱ्या ग्रिमो यांचा खटलाही तसाच. 1911 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही खटल्यांत वनसेवेचे नियम वैध ठरवले. ग्रँड कॅन्यनच्या वाटांवर आपल्या खाणदाव्यांच्या जोरावर हक्क सांगणारे राल्फ कॅमेरन 1920 मध्ये त्याच न्यायालयात हरले. काँग्रेसला हवे असते तर ती कायदा करून रूझवेल्ट यांची जंगले मोकळी करू शकत होती. तिने उलट 1911 मध्ये पूर्वेकडची खासगी जंगले विकत घेण्यासाठी नवा कायदा केला. जानेवारी 1910 मध्ये अध्यक्ष टॅफ्ट यांनी पिंशो यांना काढून टाकले, तेव्हाही वनसेवा मोडली नाही. संस्थापक गेल्यावर संस्था चालत राहिली, आणि ती एका माणसाच्या लहरीवर उभी नव्हती याचा याहून चांगला पुरावा मागता येत नाही.

दुसरा आक्षेप शिकारीचा आणि उपयुक्ततेचा. 1883 मध्ये रूझवेल्ट पहिल्यांदा डाकोटाला गेले ते बायसन मारायला, आणि तेव्हा तिथे बायसन जवळपास संपलेले होते. अध्यक्षपद सोडल्यावर 1909 मध्ये ते आफ्रिकेत गेले आणि त्या मोहिमेने स्मिथसोनियन संग्रहालयासाठी हजारो प्राणी मारून आणले. हे आजच्या वाचकाला टोचते आणि टोचले पाहिजे. पण 1887 मध्ये त्यांनी ग्रिनेल यांच्यासह स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब हा शिकाऱ्यांचाच होता, आणि जनावरे संपत आहेत हे सर्वांत आधी ओळखून कायद्यासाठी झटलेल्यांत तो होता. म्यूर यांच्याबरोबर मे 1903 मध्ये योसेमिटीत तीन रात्री उघड्यावर काढल्या म्हणून रूझवेल्ट म्यूर यांच्या मताचे झाले नाहीत. त्यांच्या लेखी जंगल हे वापरायचे होते, उद्यासाठी राखून वापरायचे होते. म्हणूनच 1902 च्या पाटबंधारे कायद्याने ॲरिझोनात धरण बांधले गेले आणि 1908 मध्ये त्यांच्याच मंत्र्याने योसेमिटीतली हेच हेची ही सुंदर दरी सान फ्रान्सिस्कोच्या पाण्यासाठी बुडवायला परवानगी दिली. म्यूर यांचा पराभव झाला. दरी गेली याची हळहळ मलाही आहे. पण केवळ सौंदर्याच्या नावाने कोट्यवधी एकर जंगल राखायला त्या काळची काँग्रेस तयार झाली नसती. लाकूड, पाणी आणि चराई यांचा हिशेब मांडला म्हणून जंगलाला मतदारांत पाठीराखे मिळाले. या हिशेबी दृष्टीची खरी चूक वेगळीच होती. कामाचे प्राणी राखायचे आणि लांडगा, प्यूमा यांना सरकारी खर्चाने मारायचे, असे तेव्हाचे शास्त्र सांगे. ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेला कायबाब पठारावर 1906 मध्ये हरणांसाठी राखीव रान केले आणि भक्षक मारले. 1920 च्या दशकात तिथे हरणे वाढून उपाशी मेली. नेमके किती मेली यावर वाद आहेत, पण रान ओरबाडले गेले याविषयी नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे आणि त्याला पूर्ण उत्तर देता येत नाही. ज्या जमिनी सरकारी म्हणून राखल्या गेल्या, त्या कोणाच्या होत्या? न्यू मेक्सिकोतल्या टाओस प्वेब्लो लोकांचे पवित्र ब्लू लेक 1906 मध्ये भोवतालच्या 48,000 एकरांसह राष्ट्रीय जंगलात घातले गेले. मार्च 1909 मध्ये, पद सोडण्याच्या अगदी शेवटच्या दिवसांत, रूझवेल्ट यांनी मूळ अमेरिकी जमातींच्या राखीव प्रदेशांतले सुमारे 25 लाख एकर जंगल वनसेवेकडे वळवले. ते टॅफ्ट यांच्या सरकारने 1912 मध्ये परत केले. हे अनवधानाने झाले असे म्हणता येत नाही. डिसेंबर 1901 मध्ये काँग्रेसला दिलेल्या पहिल्या संदेशात रूझवेल्ट यांनी जमातींची सामाईक जमीन फोडून वाटणाऱ्या कायद्याची जमातींचा गोळा भरडून काढणारे यंत्र म्हणून वाखाणणी केली होती. तो काळच तसा होता, असे समर्थन केले जाते. त्याच काळातल्या गोऱ्या मेंढपाळाचा नियमांविरुद्धचा दावा मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, हे वर आलेच आहे. वनसेवा मुळात ऐकणारी संस्था होती. परवाने, सुनावण्या, अपिले ही तिची रोजची कामे होती. पण ज्यांची नागरिकांत गणना नाही, त्यांचे म्हणणे ऐकायची सोय तिच्यात नव्हती. जास्तीत जास्त लोकांचे भले मोजताना त्या मोजणीत ते लोक धरलेलेच नव्हते. फुल्यांनी मुंबई इलाख्याच्या वनखात्यावर जो आरोप केला, तो शब्दशः इथे लागू पडतो. कारभार जितका कार्यक्षम, तितका असा अन्याय पक्का होत जातो, आणि रूझवेल्ट यांच्या कामाचा गौरव करणाऱ्याने हे टाळून पुढे जाऊ नये.

या दृष्टीने माँटानातल्या बायसन-क्षेत्राची हकीकत मला सर्वांत बोलकी वाटते. कोट्यवधी बायसनपैकी 1880 च्या दशकाअखेर उत्तर अमेरिकेत हजाराच्या आसपास उरले होते. फ्लॅटहेड राखीव प्रदेशात राहणारे मिशेल पाब्लो आणि चार्ल्स अलार्ड यांनी त्या पडत्या काळात एक कळप वाढवला आणि तो शेकड्यांवर नेला. राखीव प्रदेश गोऱ्या वसाहतदारांना खुला होणार असे दिसताच पाब्लो यांनी कळप अमेरिकी सरकारला देऊ केला. काँग्रेसने पैसे दिले नाहीत आणि 1907 मध्ये कॅनडाने तो घेतला. पुढच्याच वर्षी, मे 1908 मध्ये, काँग्रेसने कायदा केला आणि रूझवेल्ट यांच्या सहीने त्याच फ्लॅटहेड प्रदेशातली सुमारे 18,800 एकर जमीन सॅलिश आणि कूटेनाई जमातींच्या संमतीवाचून बायसनसाठी घेतली गेली. तिथे सोडलेली जनावरे बव्हंशी पाब्लो-अलार्ड कळपाच्याच वंशातली होती. म्हणजे ज्या प्रदेशातल्या माणसांनी बायसन वाचवले, त्याच माणसांना बायसन वाचवण्याच्या नावाने जमिनीतून बाहेर काढले. 1971 मध्ये दावे न्यायालयाने ही जमीन घटनेविरुद्ध घेतली असे ठरवून भरपाई दिली, जमीन दिली नाही. ब्लू लेक टाओस लोकांना 1970 मध्ये काँग्रेसच्या कायद्याने परत मिळाले होते. बायसन-क्षेत्र जमातींना परत मिळायला डिसेंबर 2020 उजाडावा लागला, म्हणजे 112 वर्षे. 2022 पासून तिथले बायसन, कुंपणे आणि गवताळ रान यांची सारी व्यवस्था सॅलिश आणि कूटेनाई जमातींचे स्वतःचे खाते पाहते.